अडलंय कुठं?

आप्पा, मी आता काय काम करते ते तुम्हाला सांगितलं तर तुम्ही हसाल. कॉम्प्युटरच्या कंपन्यांमधल्या पोरापोरींना आणि त्यांच्या साहेबांना मी एकत्र काम कसं करायचं ते शिकवते. त्याला अजाइल म्हणतात. रोज सकाळी सगळ्यांनी गोल करून उभं राहायचं, बसायचं नाही, आणि एकेकानं सांगायचं: काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठं. एवढं शिकवायला मला विमानानं बोलावतात, हॉटेलात उतरवतात. पहिल्यांदा मी स्वतः हे शिकायला गेले, तेव्हा शिकवणारा मोठ्या कौतुकानं भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवत होता आणि मी मनात म्हटलं, अगं बाई, हे तर आमच्या आप्पांचं गट ऑफिस!

कोल्हारच्या अलीकडची ती पत्र्याची खोली, समोर कडुनिंब. तुम्ही साखर कारखान्याचे गटप्रमुख, कुणाचा ऊस कधी तोडायचा ते बघणारे. हाताखाली सहा चिटबॉय, तोडणीच्या चिठ्ठ्या शेतकऱ्यांना पोचवणारे; नावालाच बॉय, त्यातल्या दोघांना नातवंडं होती. सकाळी सातला सगळे निंबाखाली उभे. कुणी टेकायला लागला की तुम्ही ओरडायचात, "बसू नगा रं, बसलात की च्या मागताल!" आणि ते बोलत असताना तुम्ही एकाकडेही बघत नव्हतात. मान खाली, तळहातावर तंबाखू मळणं चालू. मी विचारलं होतं असं का, तर म्हणालात, "माझ्याकडं बगून बोलले की मला खूश करायला बोलत्यात. म्या बगितलं न्हाई की एकमेकाला सांगत्यात." मी आता ट्रेनिंगमध्ये तशीच मान खाली घालून चष्मा पुसते. लोक एकमेकांशी बोलायला लागतात, अजून.

मग एका वर्षी कारखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्या खोलीला एसी, आणि दाराबाहेर चपला काढायच्या. शेतकी साहेबांना ऑपरेटर म्हणून मुलगी नको होती. "पोरगी करील, मी सांगतो ना," असं तुम्ही म्हणालात आणि मी हंगामी लागले. एकदा तुम्ही भेटायला आलात तर चपला काढून उंबऱ्यातच थांबलात. "आत यू का?" असं मला विचारलंत, स्वतःच्या पोरीला. तेव्हा मला लई भारी वाटलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

तुमच्या रजिस्टरातली शेतकऱ्यांची नावं आणि त्यांच्या लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखा मशीनमध्ये भरायच्या, आणि ज्याची लागण आधीची त्याची तोडणी आधी, असा प्रोग्राम छापून सकाळी गटावर आणायचा, हे माझं काम. एका गावाची यादी मी नीटनेटकी दिसावी म्हणून अकारविल्हे लावली. नावं हलली, शेजारच्या तारखा जागच्या जागी राहिल्या. याची तारीख त्याला, त्याची याला. मी तपासलं नाही. मशीन कधी चुकतं का, हा माझा तोरा! तिसऱ्या दिवशी छापलेल्या कागदावर मामांचं नाव दिसलं. मामांची लागण आई राखी बांधायला गेली होती तेव्हाची, आणि कागदावर होती जानेवारीची. म्हणजे त्या गावाच्या सगळ्याच तारखा चुकल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निंबाखाली उभी आहे. सहाही जणांचं सांगून झालंय. तुम्ही तंबाखू मळताय, मान खाली. "हं, तुझं. अडलंय कुठं?" मी म्हणते, "काही नाही, सगळं ठीक आहे." पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. खरं सांगायचं तर सहा बाप्ये ऐकत होते, म्हणून बोलले नाही.

आठ दिवसांत बोभाटा झाला. एक म्हातारा कोवळ्या उसाचं टिपरू हातात घेऊन दारात आला. "आरं गटप्रमुख, दूधपितं पोर उचलून न्यावं तसा माझा ऊस नेला की रं! आन् ज्याला तुरा आलाय त्यो तसाच हुबा!" तुम्ही हात जोडून उभे राहिलात. संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तुम्ही भिंतीला टेकून तंबाखू मळत होतात. जेवणाआधी तुम्ही कधी तंबाखू काढत नव्हतात, आप्पा. माझ्याकडं न बघता म्हणालात, "अडलंय का गं कुठं?" मी म्हटलं, "न्हाई आप्पा." बराच वेळ मळत राहिलात, मग ती सगळी चिमूट चुलीत टाकलीत, हात धुतलात आणि आईला म्हणालात, "वाढ."

दुसऱ्या दिवशी तुम्ही साहेबांना सांगितलंत, "रजिस्टरातच चूक झाली, माझ्या हातून; पोरीनं हाय तसं उतरवलं." रजिस्टर कुठंय असं त्यांनी विचारल्यावर म्हणालात, "उसाच्या फडात भिजलं, टाकून दिलं." तुम्हाला गटावरून काढून वजनकाट्यावर बसवलं. मला कायम केलं. माझ्या खिडकीतून तुमची काट्यावरची केबिन दिसायची. सकाळी सातच्या सुमाराला तुम्ही बाहेर यायचात, एकटेच उभं राहायचात, तंबाखू मळायचात आणि परत आत जायचात. मी पडदा ओढून घ्यायची.

त्याच केबिनमध्ये, खुर्चीतच, चार हंगामांनी तुम्ही गेलात. दहाव्यानंतर आईच्या ट्रंकेत चादर शोधताना ते रजिस्टर सापडलं, खताच्या पिशवीत गुंडाळलेलं, कोरडंठाक. त्या गावाच्या पानावर सगळ्या तारखा बरोबर, आणि प्रत्येक नावापुढं लाल पेन्सिलीची खूण; खाली तारीख, म्हातारा दारात आला त्याच दिवसाची. तुम्ही माझा कागद घेऊन एकेक नाव पडताळलं होतं. म्हणजे चुलीपुढं मला विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं.

आता आईही नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी आणि हे रजिस्टर. हल्ली ट्रेनिंग बऱ्याचदा घरूनच असतं. पोरं कॅमेरे बंद करून बसतात, मी काळ्या चौकोनांना विचारते, अडलंय कुठं? मग लॅपटॉप मिटते आणि मला विचारायला घरात कुणी नसतं. फार एकटं वाटतं, आप्पा.

तुमची गोष्ट मात्र मी प्रत्येक ट्रेनिंगमध्ये सांगते. निंब, तंबाखू, म्हाताऱ्याच्या हातातलं टिपरू, सगळं. फक्त माझ्या जागी "एक ऑपरेटर होता" असं म्हणते. काल एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मग त्यानं शेवटी सांगितलं का?" मी चष्मा पुसत म्हटलं, "हो तर, दुसऱ्याच दिवशी." सगळ्यांना बरं वाटलं. त्या मुलीनं ते वहीत लिहूनही घेतलं.

हे पत्र मी रजिस्टरात त्याच पानावर ठेवून देणार आहे. आप्पा, अडलं होतं. मी तेव्हा सांगितलं नाही, आणि कालही नाही.