सर्जा बसथांब्यावर थांबतो

घणसोली गाव

तीर्थरूप आण्णांना शिवतेजचा पाया पडून नमस्कार.

मी बरा आहे, दोन टाइम जेवतो. सर्जापण बरा आहे. तुम्ही आपला घोडा टांग्यातून सोडवून इथं बग्गीवाल्या शेठना विकला, त्याच्यामागं मी आलो. आता दोघं मिळून वरातीची बग्गी ओढतो.

परवा नेरूळला वरात होती. बसथांब्यावर पिशव्या घेतलेली माणसं दिसली आणि सर्जा उभाच राहिला, आपल्या वाईच्या स्टँडवर राहायचा तसा. काय केल्या हलेना. नवरदेव ओरडला, "काय रे, शिटा भरतोस काय?" सगळी वरात हसली. एक म्हातारी तर खरंच पुढं आली, "बाळा, स्टेशनला जातोस का?" इथं मला बाळा कुणी म्हणत नाही, सगळ्यांचा मी ए बग्गीवाला. दिवसभर सर्जाशीच बोलतो.

शेठ म्हणतात, याची खोड जात नाही, तुमचा घोडा तुम्ही परत न्या, नाहीतर सोमवारी दुसऱ्याला देतो. माझं काम मात्र राहणार, काळजी नको. फोनवर हे बोलवेना, म्हणून वाईला निघालेल्या रणजीतच्या हाती चिठ्ठी देतोय.

आईचा गुडघा कसा आहे? टांगा मोडीत काढला नाही ना?

सर्जाची जागा मोकळी असली तर कळवा. तो टेम्पोत एकटा चढत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तुमचा,
शिवतेज