शेजारी उभं राहून वाचायचं कौतुक

बाई, आज मी आपल्या शाळेत गेले होते. ऑफिसच्या गाडीतून, गळ्यात ओळखपत्र अडकवून. तुम्ही फाटकात असता तर आधी माझ्या सुटलेल्या केसांकडे बघितलं असतंत आणि मग म्हणाला असतात, "ये." तुम्ही देवाघरी गेलात तेव्हा मी नोकरी शोधत होते, म्हणून आता काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. मुलुंडला जुन्या कारखान्याच्या जागेवर काचेची इमारत उभी राहिली आहे, तिच्यात परदेशातल्या एका विद्यापीठाचं कॅम्पस आहे. मुलं राहतात इथे आणि पदवी घेतात तिथली. त्या कॅम्पसच्या बातम्या मी लिहिते. दर महिन्याला ‘बातम्या आणि यश’ नावाचं पत्रक निघतं, ते माझं. कोणाचा रोबोट स्पर्धेत पहिला आला, कोणत्या प्राध्यापिकेचा निबंध कुठे छापून आला, कॅन्टीनमधले प्लास्टिकचे चमचे बंद झाले. चमचे बंद होणं हेसुद्धा यशच. हसू नका बाई, त्यावर मी अर्धं पान लिहिलं होतं.

हे काम मला जमतं, कारण ते तुमच्याकडेच शिकले. आपल्या परिपाठात प्रार्थना, सुविचार, बातम्या हे सगळ्या शाळांसारखंच असायचं, पण शेवटी ‘कौतुक’ असायचं, ते फक्त भांडुपच्या आपल्या शाळेत. माझा आवाज खणखणीत, म्हणून वाचायला मी. चौथीतला अडखळत बोलणारा मुलगा कविता न थांबता म्हणाला, एक मुलगी घड्याळ बघायला शिकली, असली कौतुकं. एकदा पावसाने पटांगणाचा राडा झाला होता आणि ज्या मुलीचं कौतुक होतं ती पार मागे उभी होती. मी पायरीवरूनच वाचायला लागते, आणि तुमचा आवाज येतो, "तिथून काय वाचतेस? ती तिथे आहे का? जा तिच्याजवळ." मी चपला हातात घेऊन चिखलातून जाते. सगळी शाळा हसते. त्या मुलीच्या शेजारी उभी राहून वाचते तेव्हा तिचा हात माझ्या हाताला लागतो, गार पडलेला. घरी येऊन मी आईकडे तुमच्याबद्दल खूप कुरकुर केली होती. ज्याचं कौतुक त्याच्या शेजारी उभं राहायचं, आणि तो आला नसेल तर वाचायचं नाही, थांबायचं, हा तुमचा नियम.

पेटी शिकलेली ती मुलगी आठवते? प्रार्थनेला एकटीने पेटी वाजवता यायला लागली म्हणून तिचं कौतुक लिहिलं होतं. दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आलीच नाही. त्यांची झोपडी तुटली, ते विरारच्या पुढे कुठेतरी गेले असं कोणीतरी सांगितलं. तुम्ही रोज विचारायचात, "आलीय का?" आम्ही म्हणायचो, "नाही बाई." "मग राहू दे." परीक्षा आली तरी तुम्ही विचारतच होतात. आम्हाला वाटायचं, बाईंना विसरायला होतं.

आता खरी बातमी सांगते. आपली शाळा बंद होते आहे. संस्थेने इमारत आमच्या कॅम्पसला भाड्याने दिली आहे, तिथे स्टार्टअपचं केंद्र होणार. उरलेली मुलं रेल्वेपलीकडच्या शाळेत पाठवणार आहेत. त्यांच्या आया सकाळी टॉवरमध्ये कामाला जातात, तेवढ्या लांब पोहोचवायला कोण जाणार? बरीच मुलं घरी बसतील, हे सगळ्यांना माहीत आहे. शाळा काढणाऱ्या आजोबांचा नातू आता संस्थेचा अध्यक्ष आहे. त्याच्याकडे मी रजा टाकून गेले. त्याने चहा दिला, बिस्किटं दिली. म्हणाला, "ताई, पटसंख्या बघा ना. मी तरी कुठवर ओढू? आणि राग मानू नका, तुमची मुलं कुठल्या मीडियमला आहेत?" मला मुलं नाहीत बाई. पण असती तर त्याला काय उत्तर द्यावं लागलं असतं ते मला कळलं, म्हणून चहा संपवला आणि उठले. तो वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि ही बातमी लिहायची कोणी? मीच. या महिन्याच्या यशांमध्ये पहिलं यश. मी लिहिलेलं वाचून ऑफिसातल्या आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, ‘बंद’ शब्द काढ ना यार. किती सॅड वाटतंय. नवीन सुरुवात वगैरे लिही." मी लिहिलं. शेवटी तुमच्यावर एक वाक्य घातलं होतं, की याच पटांगणात एका बाईंनी आम्हाला दुसऱ्याचं कौतुक त्याच्या शेजारी उभं राहून करायला शिकवलं. त्यावर मॅडमनी बोट ठेवलं. "ह्या कोण? डोनर आहेत का?" म्हटलं, नाही, शिकवायच्या. "मग कशाला?" मॅडम चिडल्या नव्हत्या, त्यांना खरंच कळत नव्हतं. वाक्य गेलं.

आज उद्घाटन होतं. पटांगणावर लाल गालिचा, परदेशातून आलेले पाहुणे, आणि स्वागतगीताला आपल्याच शाळेची मुलं, इस्त्रीच्या गणवेशात, परिपाठाला उभी करतात तशी रांगेत. शाळा कशासाठी सजवली आहे ते त्यांना कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. खूप छान गायली. मग मला यश वाचायला बोलावलं. ‘या केंद्राचा लाभ परिसरातील मुलांना होईल’ या ओळीवर आले आणि माझे पाय आपसूक त्या रांगेकडे वळले. दोन पावलं गेले असेन. मॅडम खालून हात हलवत होत्या, "इकडे, इकडे! कॅमेरा इथे आहे." मी परत आले. पुढचं माईकसमोर उभं राहून वाचलं. टाळ्या पडल्या. रांगेतली मुलंही टाळ्या वाजवत होती बाई, आणि ते मला बघवेना. पण मी बघत राहिले, दुसरं काय करणार होते?

घरी येऊन हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, हा प्रश्नच आहे. तुमच्या घरचा पत्ता मला कधीच माहीत नव्हता, मला माहीत असलेला तुमचा पत्ता म्हणजे शाळा, आणि तिथे आता आमचा बोर्ड लागेल. तेव्हा हे माझ्याकडेच राहणार.

तुमच्यावरचं ते काढलेलं वाक्य मला पाठ होतं. माईक हातात होता, कोणी हिसकावून घेतला नसता, तरी मी ते म्हटलं नाही. ज्याचं कौतुक तो हजर नसेल तर वाचायचं नाही, हा तुमचाच नियम आहे, म्हणून गप्प बसले, असं आता तुम्हाला सांगणार होते. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू? नियम मला परत येताना गाडीत आठवला. तिथे उभी होते तेव्हा मला फक्त नोकरी आठवत होती.