गरम इंजिन

शनिवार, नोव्हेंबर १९९६. नेरूळ.

कळंबोलीच्या म्हात्रेकाकांनी विकायला काढलेली जुनी मोटरसायकल बघून आलो आणि डोकंच फिरलंय. फोन करून गेलो, तीच चूक. इंजिनाला हात लावला तर गरम! म्हणजे मी पोचायच्या आधीच काकांनी किका मारमारून ती चालू करून ठेवली होती. वर मलाच म्हणतात, "बघा साहेब, एका किकमधी चालू होते. पोरीसारखी सांभाललीय." गरम इंजिन काय, कोणाच्याही किकला चालू होतं! हे तोंडावर का नाही बोललो? नुसती मान डोलावत उभा राहिलो.

घरी आलो तर सुनंदा विचारते, "अहो, तुम्हाला गाडी फिरवायचीय की नुसती खोलून बसायचंय?" चिडलो तिच्यावर. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांच्या फायली पुढे सरकवतो. एक तरी वस्तू माझ्या हाताने दुरुस्त व्हावी, हे तिला कसं सांगू?

उद्या सकाळी न सांगता जाणार. इंजिन थंड असतानाच किक मारणार. आणि नाही चालू झाली तर?

नाही झाली तर मला ती जास्तच आवडेल. काकांनी उगाच किका मारल्या.