तिसरी रेघ

उदगीर,
५ जानेवारी २०२५

चि. अक्षरास अज्जाचे अनेक उत्तम आशीर्वाद. शरणु शरणार्थी.

पत्र पाहून हसशील. पण फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानंच जुळवतो. कागदावर तू पूर्ण येतेस.

येळवशीचा सण झाला. रानात कडब्याची कोप उभी केली, भज्जी झाली, आंबील झाली. जेवताना उमाक्काची आठवण निघाली. मस्कतहून तिच्या मल्लिनाथचा निरोप होता, आईच्या तोंडाची चव गेलीय, दोन घासांवर ताट सारते. काय खावंसं वाटतं विचारलं तर म्हणाली, हुरडा. साठ वर्षांत बहिणीनं माझ्याकडे काही मागितलं नाही गं.

माझं उजव्या हाताचं अर्धं बोट तू लहानपणी मोजायचीस. आठ वर्षांचा असताना कडबा कापायच्या यंत्रात त्याचं पेर गेलं. दिवस हुरड्याचे, आणि माझा हात बांधलेला. अक्का आगटीतलं गरम कणीस स्वतःच्या तळव्यावर चोळायची आणि मला भरवायची. पण फुकट नाही! शाळेतल्या कवितेचं एक कडवं म्हटलं की एक मूठ. माझं कवितेचं वेड तिथलं. तिचे तळवे लाल झालेले असायचे, हे मला फार उशिरा उमगलं.

तू विमानानं लोकांची फळं-भाज्या परदेशी धाडतेस. आपल्या रानातला गुळभेंडी ज्वारीचा एवढासा हुरडा अक्कापर्यंत जाईल का?

लोभ आहेच, तो कोमेजू देऊ नकोस.
तुझा अज्जा, गुरुपादप्पा


शमशाबाद, हैदराबाद,
९ जानेवारी २०२५

ती. अज्जांस अक्षराचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुमचं नशीब थोर. आमच्या कंपनीचा गोठवलेल्या हुरड्याचा पहिलाच माल तेरा तारखेला मस्कतला निघतोय, दोनशे पेट्या. उदगीरच्या कारखान्यात सकाळी कणसं सोलायची, दाणे लगेच उणे अठरा अंशांवर गोठवायचे, थंड गाडीतून इथं आणायचे आणि रात्रीच्या विमानात चढवायचे. ज्या व्यापाऱ्याकडे माल जातोय, त्याच्याच गोदामात मल्लिनाथकाका कामाला आहेत. म्हणून आपल्या रानातल्या हुरड्याची, उमाक्का आजीच्या नावाची पेटी दाराशी ठेवायला सांगितलीय, त्यांना पटकन सापडेल. तुमचा हुरडा एका दिवसात समुद्र ओलांडेल आणि माझं हे पत्र उदगीरला यायला चार दिवस घेईल.

गाडीवर मुखेडचा व्यंकटी आहे, तुमचा विद्यार्थी. गाडी बिदर रस्त्यानं आपल्या दारावरूनच जाईल. हात करा, पण थांबवू नका. दार उघडलं की थंडी गेली. पहिला माल नीट पोचला तरच व्यापारी पुढचा मागवणार आहे.

गोळ्या वेळेवर घ्या. माया ठेवा, थोडी शिस्तही ठेवा.
आपली, अक्षरा


उदगीर,
१५ जानेवारी २०२५

चि. अक्षरास आशीर्वाद.

गाडी गेली. पांढरीशुभ्र, जणू बगळाच पाण्यावरून उठला. वळणावर दिसेनाशी झाली तरी मी ओट्यावरच उभा होतो.

व्यंकटी पाया पडला. केस पिकले, पण डोळे तेच चौथीतले. तेव्हा वर्गातला पृथ्वीचा गोल कुणीतरी फोडला होता. मी विचारलं, तर हा उभा राहिला. छडी खाल्ली. फोडला होता दुसऱ्यानंच. महिन्याभरानं कळलं तेव्हा मला शिकवणं सुचेना.

बाकी विशेष नाही. हरभरा घाट्यांनी भरलाय. अक्काला पेटी मिळाली का, तेवढं कळव.

आठवण ठेवणारा,
अज्जा


शमशाबाद,
२० जानेवारी २०२५

ती. अज्जांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

हे पत्र उदगीरच्या बसच्या कंडक्टरजवळ देतेय, संध्याकाळपर्यंत मिळेल. आजीला पेटी मिळालेली नाही. सगळा माल मस्कतच्या शीतगृहात अडकलाय.

मालासोबत काडेपेटीएवढं एक यंत्र जातं. वाटेतलं तापमान ते टिपून ठेवतं. दाराजवळच्या यंत्रात दुपारी पावणेदोन ते दोन वाजून सात मिनिटांपर्यंत थंडी उणे नऊवर आलेली दिसते. यंत्र वेळ सांगतं, कारण सांगत नाही. व्यंकटीमामा म्हणतात, कडी माझ्याकडूनच नीट लागली नव्हती, वाटेत कळलं. व्यापाऱ्याचं म्हणणं, कडी सैल होती तर मधल्या पेट्यांचाही भरवसा नाही, सगळा माल नष्ट करा. एकाच जागी दार उघडून पुन्हा घट्ट लावलं असतं, तर दाराशी असलेल्या सहाच पेट्या गेल्या असत्या. व्यंकटीमामांना घरी बसवलंय. साहेबांना मी गुरुवारपर्यंत थांबायला सांगितलंय.

मल्लिनाथकाकांनी आजीच्या पेटीचा फोटो पाठवलाय. पुठ्ठ्यावर तीन पांढऱ्या आडव्या रेघा आहेत. व्यापारी विचारतो, ही बुरशी आहे का? त्यातली तिसरी रेघ इतर दोन रेघांहून आखूड आहे, अज्जा. मी त्याला काय कळवू?

आपली, अक्षरा


उदगीर,
२१ जानेवारी २०२५

चि. अक्षरास आशीर्वाद.

बुरशी नाही, विभूती आहे असं कळव. गुरुवारच्या आत मिळावं म्हणून हे पत्र त्याच कंडक्टरजवळ परत धाडतोय.

गाडी मी थांबवली. आपल्या घरातून लांब निघालेलं माणूस कपाळी विभूती लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. हुरडा अक्काकडे तसाच कसा जाऊ द्यायचा, असं मनानं घेतलं. व्यंकटी नको म्हणत होता. मी गुरुजींच्या आवाजात दार उघड म्हणालो, तेव्हा त्याचा हात आपोआप कडीकडे गेला. आतून पांढरी वाफ आली, तिच्यात अक्काचं नाव दिसलं, आणि मग मला काळवेळ राहिली नाही. विभूती भिजवली, पेटीवर तीन बोटं ओढली, आणि त्या पेटीपुढं ती जुनी कविता पहिल्यापासून म्हटली. दोनदा तो म्हणाला, गुरुजी, दार लावू का, मशीन समदं लिहून राहिलंय. मी हातानं गप्प केलं. माझी सातही कडवी व्हायची होती. तुझी बावीस मिनिटं ती.

नंतर कडी त्यानं दोनदा ओढून पाहिली. मी साक्षीला होतो. बाकीच्या पेट्या शाबूत आहेत.

मागच्या पत्रात हे लिहायला घेतलं आणि बगळा लिहून बसलो. सुंदर ओळीच्या आड लपता येतं, ही खोड जुनी.

सहा पेट्या जातील त्यात अक्काची जाईल, हे समजलं. जाऊ दे. सोबत तुझ्या साहेबांच्या नावे वेगळं पत्र आहे, खाली सही आहे. व्यंकटीला सांग, चौथीच्या वर्गात तू उभा राहिलास तेव्हा मी ओळखलं नाही. आता तू बस. आज मी उभा आहे.

रागावलीस तरी पत्र टाकत जा.
अज्जा


मस्कत,
६ फेब्रुवारी २०२५

चि. गुरूस उमाक्काचे आशीर्वाद.

मल्लिनाथच्या ओळखीचा माणूस बिदरला निघालाय, त्याच्याजवळ हे देतेय. हात कापतो, अक्षर लावून घे. तू मास्तर आहेस.

अक्षरानं सगळं कळवलं. सहा पेट्या फेकल्या, बाकीचा माल सुटला, पुढचाही मागवलाय. व्यंकटी परत गाडीवर आहे म्हणे. तू मात्र सत्तरी ओलांडून तसाच राहिलास, दार उघडं टाकून कविता म्हणणारा. आई यावरूनच तुला बोलायची.

दुसऱ्या पेटीतला हुरडा मल्लिनाथनं आणला. कुणाच्या रानातला, देव जाणे. तव्यावर गरम केला, दोन घास खाल्ले. आगटीचा वास नाही, पण गोडी आहे.

माझी पेटी फेकायच्या आधी मल्लिनाथनं पुठ्ठ्याचा तेवढा तुकडा कापून आणला. उशाशी ठेवलाय. दोन रेघा लांब आणि एक आखूड. तिच्यावरून बोट फिरवलं आणि तुझा बांधलेला हात दिसला.

फ्रिजात अजून चार पाकिटं आहेत, पण घास पुढं सरकत नाही. तेव्हा आता तू असं कर, दर पत्रात एक कडवं लिहून पाठव. एका कडव्याला मी एक मूठ खाईन. फुकट नाही.

वाट पाहतेय, उशीर करू नकोस.
तुझी अक्का