सेटची मागची बाजू

नाना, काल मी तुमच्या सेटच्या मागे हात घातला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो जडशीळ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन भले थोरले स्पीकर धारच्या घरात, बैठकीतच आहेत. पुढची बाजू अजून मीच पुसते. तुमची वाटणीच तशी होती, पुढची धूळ मुलीकडे आणि मागच्या तारा मुलाकडे. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला बॅटरी, बल्ब आणि तारा जोडायला लावायच्या, माझा बल्ब पहिल्या खेपेला पेटायचा, आणि प्रगतिपुस्तकावर तुम्ही मोठ्या कौतुकाने सही करायचात. घरी मात्र मी सेटच्या मागे नुसती वाकले, तरी "तिकडे तुझं काय काम?" धाकटा तुमच्या शेजारी टॉर्च धरून बसलेला. तो राग मी कधी बोलून दाखवला नाही. आता दाखवते आहे, कारण गप्प कर म्हणायला तुम्ही नाही.

झालं असं, की रंगारी आले, त्यांनी सेट ओढला आणि जुन्या तारा तुटून हातात आल्या. आईला हल्ली फार कमी ऐकू येतं. सकाळचे अभंग तिला त्या मोठ्या स्पीकरमधूनच कळतात, तेही समोर खुर्ची ओढून बसली तर. धाकट्याने देवासहून मोबाइलवर चालणारी एक डबी पाठवली होती, ती लावून पाहिली. आई म्हणाली, "आत डास अडकलाय का गं?" त्यानंतर ती रोज सकाळी मुक्या स्पीकरसमोर नुसती बसून राहायची, आणि मला स्वयंपाकघरातून ते बघवत नसे. धाकट्याचं तर ठरलेलंच. जुना सेट एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू, रविवारी गाडी घेऊन येतो. मी म्हटलं, आधी तारा जोडून बघू, मग तुझी गाडी आण. बरं म्हणाला, पण सुरात जराही बरं नव्हतं.

धारला हवं ते मिळेना, म्हणून बसने देवास गाठलं. धाकट्याने त्याच्या ओळखीच्या दुकानात नेलं. विचारते आहे मी, आणि दुकानदार उत्तर देतो आहे त्याला. तारेच्या टोकांना लावायला त्याने सोनेरी बनाना प्लग काढून काउंटरवर मांडले. मी सांगितलं, हे प्लग भोकात बसतात, आमच्या सेटला भोकं नाहीत, खेटून बसवलेले स्क्रू आहेत, हा केळ्याचा घड मी कुठे टांगू? तर तो धाकट्याकडे बघून म्हणतो, "भिया, मम्मीजी को समझाओ, गोल्ड प्लेटेड है." मी धाकट्याची मम्मीजी नसून बहीण आहे हे आधी स्पष्ट केलं, आणि मग सिस्टरांनी घोटून घेतलेल्या इंग्रजीत विचारलं, की सोन्याचा मुलामा तारेला द्यायचा आहे की गिऱ्हाइकाला. शेवटी शेजारच्या साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून मी यू आकाराचे थिंबल घेतले, स्क्रूखाली सरकतील असे, मानेवर प्लास्टिकची टोपी असलेले. स्पीकरला खटके आहेत, त्यांत शिरतील अशा पिना घेतल्या. बसस्टँडवर सोडताना धाकटा म्हणाला, "ताई, एवढ्याशा चीजसाठी तू माझी शोभा केलीस."

रविवारी तो आला, आणि माझी पिशवी न उघडताच सेटच्या मागे बसला. तारांची टोकं सोलली, बोटांनी पिळली आणि तशीच उघडी स्क्रूखाली कोंबली. नाना, हुबेहूब तुमच्यासारखी. मी टॉर्च धरून उभी आहे. उजेडात मला दिसतं, लाल तारेतला केसाएवढा एक धागा सुटून शेजारच्या काळ्या तारेच्या स्क्रूला टेकला आहे. असा सेट चालू केला तर आतले भाग जळतात, आणि ते भाग आता कुठे मिळत नाहीत. मी तसं त्याला सांगितलं. वर न बघता तो म्हणाला, "तिकडे तुझं काय काम? आईजवळ बस जाऊन."

शब्द तुमचे, आवाजही जवळजवळ तुमचाच. तो उठला, सेटच्या बटणाकडे त्याचा हात गेला, आणि मी भिंतीतला प्लग उपटला. आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. शब्द तिला ऐकू येत नव्हते, चेहरे दिसत होते.

"बिघडला तर आईला तू सांगायचं," तो म्हणाला.

"सांगेन. सरक."

तो बाहेर ओट्यावर जाऊन फोनमध्ये डोकं घालून बसला. मी खाली बसले. एकेक तार सेटकडे थिंबलमध्ये, स्पीकरकडे पिनेत घातली, पक्कडीने दाबली, ओढून पाहिली. लाल ती लाल, काळी ती काळी, दोन्ही स्पीकरना सारखी. मोकळा धागा कुठेच नाही. गुडघे धरत उठले, प्लग परत भिंतीत घातला, आणि तशीच उभी राहिले. जळाला तर उद्या सकाळी ती खुर्ची कशी बघायची, एवढंच डोक्यात होतं.

आई काठी टेकत आली. "सरक, मी दाबते. त्यांचंही मीच दाबायची."

मी ओरडून विचारलं, कोणाचं?

"तुझ्या वडिलांचं. तारा लावून झाल्या की दाराशी जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, तू दाब. हात कापायचे त्यांचे."

आणि तिने बटण दाबलं. आधी घरघर, मग दोन्हीकडून भरून आलेला तो आवाज. आई खुर्चीत बसली, तिचा हात गुडघ्यावर ठेका धरू लागला.

मी इतकी चिडले, नाना. आयुष्यभर मला वाटत आलं, मागे काहीतरी विद्या आहे आणि तुम्ही ती मला नाकारलीत. मागे नुसती भीती होती. ती तरी वाटून घेतली असतीत.

हे पत्र कोणाला दाखवायचं नाही. धाकट्याला तर नाहीच. आवाज ऐकून तो धावत आत आला, म्हणाला, "ताई, तू हिम्मत केलीस खरी," आणि मी मान डोलावली. आत येताना तो माझ्यावरच आदळला होता. मी दाराशी उभी होते.