पहिल्या वाफेचा वास

प्रिय आप्पा,

आज घरी नव्याचं जेवण झालं, तुमच्या माघारी पहिलंच. हात धुतले आणि लगेच लिहायला बसले. आज पंगतीत काय झालं ते तुम्हांला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार आहे का?

नव्या तांदळाच्या पहिल्या वाफेचा वास कर्त्याने घ्यायचा, "वाढा" म्हणायचं, मग बाकीच्यांनी जेवायचं. ही आपल्या घरची रीत. बेळगावच्या दवाखान्यात घशातल्या गाठीपायी तुमचा आवाजाचा कंठच काढला, श्वासाला गळ्याशी भोक ठेवलं. आवाज गेला, तो तुम्ही मुकाट्याने सोसलात. पण पाठोपाठ वासही गेला, तेव्हा तुम्ही नव्याच्या पाटावर बसेनात! केवढा हट्ट तो, आप्पा!

भिकूदादाला वाटलं, नाक चोंदलंय. त्याने तुमच्या नाकाशी तपकीर धरली. "ओढा की जोरात!" तुम्ही ओढलंत, पण वारा गेला गळ्याच्या भोकातून आणि तपकीर राहिली मिशीवर.

"मिशीला शिंक आणतुयास व्हय रं?" आई म्हणाली. तुम्ही पोट धरून हसलात, बिनआवाजाचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आरसा लावून नाकात पाहिलं. म्हणाले, "आतलं अस्तर ओलं, लाल, निरोगी आहे. नुसता वारा पोचत नाही." म्हणजे चूल धड होती, फुंकणारं कुणी नव्हतं!

आणि ते फुंकणं तुम्हांला सापडलं विड्यात. ओठ मिटून पान चघळत होतात, आई भात उतरवत होती. एकदम जमिनीवर थाप मारलीत आणि मडक्याकडे बोट!

"वास आला? व्हय वो?" आईच्या हातातलं फडकं गळून पडलं.

ओठ बंद ठेवून जबडा खाली ओढला की नाकातून वारा आत येतो, हे तुमचं तुम्हीच हेरलंत. त्या वर्षी पाटावर बसलात, हनुवटी खाली-वर केलीत, आणि "वाढा"च्या जागी पाटावर बोटं वाजवलीत. मी तर रडलेच.

आणि सगळ्यांना अशी सवय लावून निघून जायचं असतं का?

आज पाटावर भिकूदादा बसला. चांगलं धडधाकट नाक त्याचं! तरी त्याने ओठ मिटले, हनुवटी खाली ओढली आणि पाटावर बोटं वाजवली. पोराटोरांनीही तसंच केलं. कुणी शिकवलं नव्हतं.

"आलं बघ तुजं आप्पा," आई मला म्हणाली आणि वाढायला उठली.

आप्पा, माझा शब्द आहे. मी असेपर्यंत या घरात नव्याच्या दिवशी "वाढा" कुणी तोंडाने म्हणणार नाही.

गुंदहून,
तुमची लाडकी चंपा