ओतिल्याबाईंचं अंतर

३ मार्च, लुब्लिन
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी भलती खूश आहे. विद्यापीठाची प्रयोगशाळा, खोली उबदार, आणि काम काय, तर लोकांना ओतिल्याबाई दाखवायच्या. बाई संगणकात बनवलेल्या, साठीच्या, गळ्यात पोवळ्यांची माळ. दारात उभ्या राहून नुसत्या बघतात. कुणाला छोट्या पडद्यावर दाखवायच्या, कुणाला भिंतभर, कुणाला डोळ्यांवर तो जाडजूड चष्मा चढवून. मग विचारायचं, बाई खरंच इथं आहेत असं किती वाटलं? सातपैकी गुण द्या. छोट्या पडद्यापुढे लोक जांभया देतात, भिंतीपुढे शर्ट नीट करतात, चष्म्यात तर बाजूला सरून वाट देतात. सहकारी ग्रात्स्यान म्हणाला, चष्मा भल्याभल्यांना फसवतो. घरी आईने सगळं खोदून विचारलं. आम्ही दोघीच असतो. मी समोर बसून बडबडले नाही तर ती जेवत नाही.

९ मार्च
बाईंनी पाहणाऱ्यापासून दीड मीटरवर राहायचं, तसंच बनवलंय. आज संगणकातली नोंद एक मीटर वीसची. ग्रात्स्यानला दाखवली, तर म्हणाला, बोग्नाबाई, एवढा तपास करता, तर पोलिसात का नाही गेलात? हसण्यावारी नेलं. पाणी कुठंतरी मुरतंय. मी नवी, म्हणून हाच माझी फिरकी घेतोय.

१३ मार्च
नव्वद सेंटिमीटर. ग्रात्स्यान तीन दिवसांपासून रजेवर, म्हणजे तो नव्हे. शेवटी मीच चष्मा चढवला. बाई दारात होत्या. त्यांनी हात पुढे केला. आता उंबरठ्यावरून कुणी हातात हात देतं का? भांडणं होतात. आईने चापट मारून शिकवलंय. सवयीने तोंडून निघून गेलं, उंबरठ्यावर नको, आत या ना.
त्या आल्या. माळ वाजली. चष्म्याला आवाज जोडलेलाच नाही.

१७ मार्च
प्रयोगाला आलेले एक मास्तर चष्मा न लावताच बाजूला सरले. रिकाम्या जागेला वाट दिली. मी विचारपूस केली तर माझ्याकडे बघून जांभई. कागदावर बाईंना सात गुण. खाली शेरा: एक मुलगीही दिसली, पडद्यावरची असावी.
ही बाई कानामागून आली आणि तिखट झाली. मला भीती वाटतेय.

१९ मार्च
ग्रात्स्यान परतला. दोनदा हाक मारली. त्याने मान वर केली — आणि भिंतीवरचा पडदा बंद आहे ना, ते तपासलं.

२० मार्च
घरी आहे. दारातच उभी राहून लिहितेय — आत पाऊल टाकवत नाही. आईने दोन ताटं वाढलीत. माझ्या खुर्चीशी बोलतेय. दिवस कसा गेला विचारतेय, हसतेय —
मी ओरडले. आई, मी इकडे —
तिने ऐकलं. खुर्चीला म्हणाली, बोग्ना, तो टीव्ही बंद कर गं, मघापासून नुसता ओरडतोय.
खुर्ची सरकली. पोवळ्यांची माळ वाजली. ती उठून माझ्याकडे येतेय, बटण शोध —